मडकं कोणाचं कच्चं?

शीर्षक वाचून सिव्हिलच्या मंडळींनी खूश होऊ नये, हा लेख मातीपरीक्षणावर नाही. मेकॅनिकलवाल्यांनीही लगेच पान उलटू नये. हा लेख एका कॉम्प्युटर गेमवर आहे, देवावर आहे आणि थोडासा माझ्या रूम पार्टनरवर आहे. या तीन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध, असं विचाराल तर मागच्या गणपतीपर्यंत तो मलाही माहीत नव्हता.

आमचा रूम पार्टनर सोलापूरकडचा. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादशा पक्क्या, आणि घरात पिढ्यान् पिढ्या वारी. पहिल्या दिवशी कॉट पकडायच्या भांडणात समोरच्याला ‘माउली, जरा सरका’ म्हणाला आणि तेव्हापासून अख्ख्या हॉस्टेलचा तो माउली झाला. मी त्याच्या बरोबर उलटा. अकरावीत कुठेतरी दोन-चार पुस्तकं वाचली आणि तेव्हापासून देव नाही हे जगाला सिद्ध करून दाखवायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे अशा थाटात वावरणारा. रात्री दोनला लाइट गेलेली, पंखा बंद, लांबून कुठूनतरी लूमची खटखट, आणि आमच्या खोलीत वाद. देवाने माणूस केला की माणसाने देव? विटेवर उभं राहून पाय दुखत नाहीत का? वगैरे वगैरे. माउली बहुतेक वेळा हसायचा आणि कूस बदलून झोपायचा. त्याचा अर्थ मी ‘जिंकलो’ असा लावायचो.

असो. आता गेमकडे येतो.

बाबांना ‘कोडिंगला लागतो’ असं सांगून घेतलेल्या माझ्या लॅपटॉपवर मी दीडशे जीबी मोकळे केले (त्यात दोन सेमिस्टरच्या नोट्स गेल्या, त्याचा निकालही लागला) आणि ‘बाल्डर्स गेट ३’ टाकला. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणलेला हा रोल प्लेइंग गेम. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून त्याला पुरस्कार मिळाले. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही एक पात्र घ्यायचं, एका काल्पनिक जगात भटकायचं, आणि वाटेत तुम्हाला सोबती भेटतात. हे सोबती म्हणजे नुसती फौज नाही. त्यांना स्वतःचा भूतकाळ आहे, स्वतःचं दैवत आहे, स्वतःची मतं आहेत. तुम्ही एखाद्याला मदत केलीत, खोटं बोललात, कुणाला लुबाडलंत, की स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येतं – अमक्याला हे आवडलं, तमक्याला हे आवडलं नाही. पसंतीचा हिशेब आतल्या आत चालू असतो. फारच नावडते झालात तर सोबती तुम्हाला सोडून निघूनही जातो. एखाद्याला बोलण्याने वळवायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर समोरच्याला पटलं, नाही पडला तर नाही.

(इथून पुढे गेमची गोष्ट फुटणार आहे. खेळायचा असेल त्यांनी तीन परिच्छेद सोडून वाचावं. नंतर माझ्या दारावर लाथा मारू नयेत.)

या सोबत्यांमध्ये शॅडोहार्ट नावाची एक मुलगी आहे. शार नावाच्या देवीची पुजारीण. शार ही अंधाराची, हरवण्याची, विसरण्याची देवी. शॅडोहार्टला स्वतःचं लहानपण आठवत नाही, कारण तिच्या स्मृती पुसून टाकल्या आहेत, आणि देवीच्या कामासाठी हे आपण स्वतःच कबूल केलं असं ती मानते. तिच्या हातावर एक जखम आहे, ती मधूनच ठणकते. सुरुवातीला ती फटकळ, संशयी, आणि तिच्या देवीबद्दल ब्र काढलेला तिला खपत नाही. पुढे एका ठिकाणी तिच्या श्रद्धेची परीक्षा येते. हातात भाला, समोर बंदिवान असलेली चंद्रदेवी सेलूनेची मुलगी, आणि शारची आज्ञा अशी की हिला मारलंस तर तुला मोठं पद.

मी तिथे पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि माउली मागे उभा राहून बघत होता. मी अर्थातच ‘समजावून सांगा’वर माउस नेला. इथपर्यंत मी तिला किती समजावलं होतं! तुझी देवी खोटी आहे, तुला फसवलंय, डोळे उघड! पण तिथे बोलून वळवायचं म्हणजे फाशाचा आकडा फार मोठा लागतो. पडला नाही. मी सेव्ह केलेलं परत उघडलं. पुन्हा टाकला. पुन्हा नाही. पाचव्या वेळेला माउली म्हणाला, “आरं, गप बस की जरा. तिचं तिला ठरवू दे.” मी चिडून माउस त्याच्या हातात दिला. त्याने काहीच केलं नाही. म्हणजे बोलण्याचा पर्यायच घेतला नाही, निर्णय तिच्यावर सोडला. आणि तिने भाला फेकून दिला!

नंतर कळलं की गेम तसाच बांधलेला आहे. तुमची तिची सोबत इतक्या दिवसांत खरोखर घट्ट झाली असेल, तर ऐनवेळी तुम्ही मधे पडायची गरज नसते. ती स्वतः वळते. सोबत घट्ट नसेल तर ऐनवेळचं भाषण सहसा कामाला येत नाही. गोष्ट इथेही संपत नाही. पुढे तिला कळतं की तिचे आई-वडील जिवंत आहेत आणि शारच्याच मंदिराखाली वर्षानुवर्षं कैदेत आहेत. त्यांना जगवायचं तर हातावरची जखम कायमची ठणकत राहणार. त्यांना जाऊ द्यायचं तर ती या शापातून सुटणार. श्रद्धा सोडणं म्हणजे अॅप अनइन्स्टॉल करणं नव्हे, हे त्या प्रसंगात जितकं कळतं तितकं मला चार पुस्तकांत कळलं नव्हतं. माणसाच्या श्रद्धेला त्याची आई चिकटलेली असते, लहानपण चिकटलेलं असतं. आपण वादात ‘हे सोड’ म्हणतो तेव्हा त्याबरोबर काय काय सुटणार आहे याची आपल्याला कल्पनाही नसते.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मोठ्या कौतुकाने सांगत होतो. बेल्जियमवाल्यांनी काय डोकं लावलंय, सोबत्यांची ही कल्पना कसली भारी, वगैरे. माउली वरणात भात कालवत म्हणाला, “ही तर आमची दिंडी झाली.”

आधी मी हसलो. मग विचार करायला लागलो तर खरंच की! तेराव्या-चौदाव्या शतकातल्या पंढरपूरच्या वाटेवरची मंडळी आठवा. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई घरकाम करणारी, चोखामेळा गावकुसाबाहेरचा, आणि सोबत ज्ञानेश्वर आणि मुक्ताबाई ही वाळीत टाकलेली भावंडं. प्रत्येकाचा धंदा वेगळा, स्वभाव वेगळा, आणि प्रत्येकाची स्वतःची गोष्ट. आता यात नरहरी सोनारांची गोष्ट घ्या. कट्टर शिवभक्त, राहायला पंढरपुरात, पण विठ्ठलाचं तोंड बघणार नाही. विठ्ठलाच्या कमरेची साखळी करायचं काम आलं तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून माप घ्यायला गेले. हाताला लागला शंकर, पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. या गोष्टीत नरहरींना कोणी वादात हरवत नाही. त्यांच्या हातातल्या कामानेच त्यांना शिकवलं. गेमच्या भाषेत सांगायचं तर फासा टाकावाच लागला नाही.

आणि आता आमच्या शीर्षकातलं मडकं. परंपरा सांगते की संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई गोरोबांना म्हणाली, काका, तुम्ही कुंभार, इथली मडकी कोणती भाजलेली आणि कोणती कच्ची ते बघा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. बाकीच्यांनी निमूट सोसलं. नामदेवांना राग आला. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं जेवतो, मला मारता? निकाल लागला – हे मडकं कच्चं! रुसून नामदेव देवाकडे गेले, तर देवानेही तोच निकाल कायम ठेवला आणि गुरू करायला सांगितलं. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. म्हणजे बघा, सगळ्यांत लाडका जो भक्त, या गोष्टीचा जो ‘हिरो’, त्यालाच त्याच्या सोबत्यांनी कच्चा ठरवलं, आणि तेही त्या मंडळीतल्या सगळ्यांत लहान मुलीच्या सांगण्यावरून!

इथे मला या गेममधली एक मोठी खोट दिसते. गेममध्ये बदलायचं ते सोबत्यांनी. खेळणारा मात्र पहिल्यापासून भाजलेलं मडकं! शॅडोहार्टने शार सोडायची. लेझेल नावाची जी लढवय्यी सोबतीण आहे, तिने तिच्या व्लाकिथ राणीवरची आंधळी भक्ती सोडायची. मी मात्र माउस धरून सगळ्यांना सुधारत फिरायचं. माझं डोकं थापटून बघणारा गोरोबा त्या पार्टीत नाही. आणि मला वाटतं, हॉस्टेलवर आम्ही ‘विचार करणारी’ म्हणवून घेणारी पोरं नेमकी याच भ्रमात जगतो. आपण खेळाडू, बाकीचे सगळे सोबती.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. लिहावा की नाही यावर आठ दिवस घालवले. शेवटी ठरवलं की आपल्याच मासिकात नाही लिहायचं तर कुठे?

मागच्या वर्षीच्या हॉस्टेलच्या गणपतीत मी कमिटीत होतो. देव न मानणारा माणूस कमिटीत कसा, असं कोणी विचारू नये. कमिटीला वर्गणीचा हिशेब एक्सेलमध्ये लागतो आणि सगळ्या पक्षांना कॉम्प्युटरवाला लागतो. आरतीचं ताट रोज कोणी धरायचं याची यादीही माझ्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मित्राने सगळ्यांच्या आधी वर्गणी दिली होती, भिवंडीच्या बाजारात फिरून मखरासाठी कापडाचा तागा स्वस्तात मिळवून आणला होता आणि रात्रभर जागून पुठ्ठे कापले होते. यादी करताना दोघे सीनियर सहज म्हणाले, “त्याचं नाव राहू दे रे. म्हणजे आम्हाला काही नाही, पण उगाच कशाला?” उगाच कशाला म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचं आडनाव आम्हा तिघांनाही माहीत होतं. जात मानत नाही असं रात्री दोन वाजता ओरडून सांगणाऱ्या मी ते नाव टाईप केलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पाळी माउलीची होती. त्याने ताट उचललं, सरळ त्या मित्राजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “धर.” मागून कोणीतरी म्हणालं, “लिस्टमध्ये नाव नाहीये त्याचं.” माउली म्हणाला, “मग माझंबी खोडा.” बस्स. भाषण नाही, घोषणा नाही. दोन क्षण कोणी काही बोललं नाही, मग कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आरती झाली. मी कोपऱ्यात झांज वाजवत उभा होतो. रात्री खोलीत मी म्हणालो, “भारी केलंस यार.” तो म्हणाला, “भारी काय त्यात? यादी तूच केलतीस ना?”

मित्रहो, थापटणं डोक्यात बसलं ते तेव्हा.

गोष्ट इथे संपवली असती तर लेख गोड झाला असता. माळकरी माउलीने मान राखला, नास्तिक मित्राचे डोळे उघडले, समाप्त! पण चौथ्या आणि पाचव्या दिवशी तो मित्र आरतीला आलाच नाही. मी त्याच्या खोलीवर गेलो, माफी मागितली. तो जर्नल लिहीत होता. वर न बघता म्हणाला, “माउली चांगला आहे. पण एकदा ताट धरलं म्हणजे झालं का? पुढच्या वर्षी माउली नसला तर? लिस्ट कोण करणार आणि कशी करणार ते सांग.”

हा प्रश्न मला त्या दिंडीकडे परत घेऊन गेला. चोखोबांवर त्या मंडळींचं प्रेम नव्हतं का? होतं. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, ते साल १३३८ मानतात, तेव्हा ढिगाऱ्यातल्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकून चोखोबांच्या अस्थी ओळखणारे आणि त्या पंढरपुराला आणणारे नामदेवच. पण समाधी कुठे झाली? महाद्वारासमोर. दाराच्या बाहेर! सोबत्यांचं प्रेम होतं, मान होता, आदर होता, गेममधल्या पसंतीचा आकडा म्हणाल तर शंभरावर होता, आणि तरीही दार बंद ते बंदच. एकदोन वर्षं नाही, सहाशेहून जास्त वर्षं.

ते दार उघडलं १९४७ साली. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना आवाहन केलं, बरोबर सेनापती बापट होते. मग १ मे १९४७ ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, आणि १० मे रोजी दार उघडायचं कबूल झाल्यावर उपोषण सुटलं. यातल्या दोन गोष्टी आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, गुरुजी स्वतः भक्त माणूस. विठ्ठल खोटा आहे असं ते म्हणाले नाहीत, विठ्ठल सगळ्यांचा आहे असं म्हणाले आणि त्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावला. दुसरी, उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे वारकऱ्यांच्याच घरात. दार आतल्या माणसांनीही ओढलं. आणि नुसत्या हृदयपरिवर्तनावर कोणी थांबलं नाही, मुंबई प्रांतात त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पुढच्या वर्षी कमिटीत कोण असेल यावर ते दार अवलंबून ठेवलं नाही.

आणि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पुढे काही वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गेममध्ये सोबती पार्टी सोडून गेला की आपण ‘अरेरे, चूक झाली’ म्हणून जुनी सेव्ह उघडतो. म्हणजे तो गेला हा आपला तोटा, एवढंच आपल्याला दिसतं. त्याच्या बाजूने बघा ना! जिथे मान नाही तिथे त्याने किती दिवस थांबायचं? दार उघडायची जबाबदारी बाहेर उभ्या असलेल्याची नसते. चौथ्या दिवशी आरतीला न आलेल्या माझ्या मित्राचं काहीच चुकलं नव्हतं. आणि खऱ्या आयुष्यात जुनी सेव्ह नसते.

काही जाणकार गेमर म्हणतील, संस्था सुधारायचे गेमसुद्धा आहेत. आहेत ना. बायोवेअर या कॅनडाच्या कंपनीचा २०१४ चा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ घ्या. त्यात चँट्री नावाची मोठी धर्मसंस्था आहे, तिची प्रमुख स्फोटात मरते आणि तुमच्या निर्णयांवरून ठरतं की तुमच्या बाजूच्या तिघींपैकी कोण त्या गादीवर बसणार. कॅसँड्रा बसली तर जुनं राखून दुरुस्ती, लेलियाना बसली तर पुरोहितपद सगळ्या वंशांना खुलं, व्हिव्हिएन बसली तर जादूगारांसाठी जुनी कडक व्यवस्था परत. कल्पना उत्तम. आपल्याकडेही १८६७ ची प्रार्थना समाजाची वाट वेगळी आणि १८७३ ची जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची वेगळी, असं त्या निमित्ताने तुलना करत बसता येतं. पण त्या गेममध्ये ही सगळी सुधारणा घडते ती शेवटच्या निवेदनातल्या दोन-चार वाक्यांत. योग्य माणूस गादीवर बसवला की झालं! विरोध कोणी केला, कोणाच्या पोटावर पाय आला, गावातल्या देवळात दुसऱ्या दिवशी काय झालं, काही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८४९ साली घर सोडावं लागलं आणि फातिमा शेखांच्या घरात आसरा मिळाला, तिथे शाळा चालली, हा भाग त्या दोन वाक्यांत बसत नाही. आणि सुधारणा म्हणजे मुख्यतः तोच भाग असतो.

आता कोणी म्हणेल, एवढं लांब कशाला जायचं? अगदी बरोबर. आपलं कॉलेज ज्या गावात आहे ते भिवंडीच बघा. इथे १९७० साली दंगल झाली, १९८४ साली झाली. बाहेरच्या पाहुण्यांना भिवंडी म्हटलं की अजून तेवढंच आठवतं (आणि रस्त्यातले खड्डे). पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, हे किती जणांना माहीत आहे? इथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. प्रत्येक भागातले दोन्हीकडचे साधे लोक, पुढारी नव्हे, आणि बरोबर पोलीस, ठरावीक वेळी एकत्र बसायचे. गटाराचं भांडण, भोंग्याचं भांडण, जे असेल ते तिथे बोलायचं. त्यात कोणी कोणाचा धर्म सुधारायला बसलेलं नव्हतं. संकट यायच्या आधीपासून ओळख होती, आणि ती ओळख नशिबावर न सोडता तिची बैठक ठरवून दिलेली होती. माउलीचं मन आणि त्या मित्राचा प्रश्न, दोन्ही त्यात आले. ताणा आणि बाणा दोन्ही लागतात, एकट्याने कापड होत नाही. हे भिवंडीत राहून आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

आता मुद्द्याचं. नुसतं तत्त्वज्ञान झाडून पळणाऱ्यांपैकी मी नाही (पूर्वी होतो). माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली हॉस्टेल कमिटीला आणि वॉर्डन सरांना. यंदापासून आरतीची यादी खोली क्रमांकाप्रमाणे लावावी. पहिली खोली, दुसरी खोली, तिसरी. ज्याला धरायचं नसेल त्याने स्वतः येऊन नाव काढावं. नाव घालायला कोणाच्या मर्जीची गरज असू नये. यादी आधी नोटीस बोर्डावर लागावी, म्हणजे ‘उगाच कशाला’ म्हणणाऱ्याला ते सगळ्यांसमोर म्हणावं लागेल. आणि गणपतीच कशाला? मेस कमिटी, गॅदरिंग, क्रिकेटची टीम, खोल्यांचं वाटप, सगळीकडे एकदा बघा, कोणती नावं नेहमी ‘राहून जातात’ ते. अर्ज लिहिलेला आहे, सह्या चालू आहेत. पहिली सही माझी आणि दुसरी माउलीची. तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राची अजून नाही. ‘आधी लावा, मग बघू,’ म्हणाला. त्याचं बरोबर आहे.

दुसरी सूचना फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांना. अटेंडन्स सिस्टिम आणि लायब्ररी मॅनेजमेंट किती वर्षं करणार? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम जगभर विकून दाखवला. आपल्या पुराणांतला, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात असा. सुंदर आहे. फक्त त्यात राजी एकटी लढते आणि देव वरून बोलतात, बरोबरीने चालून हुज्जत घालणारा सोबती कोणी नाही. तर मग आपण दिंडीचा रोल प्लेइंग गेम का करू नये? कुंभार, शिंपी, माळी, सोनार, सगळे तयार आहेत. फक्त दोन नियम पाळा. एक, मधे कधीतरी खेळणाऱ्याच्या डोक्यावर थापटणं पडलं पाहिजे. दोन, चोखोबांच्या वाट्याचं जे काम असेल ते चोखोबांना बदलून पुरं होता कामा नये. त्यांच्यात बदलण्यासारखं काही नाहीच. पुरं व्हायचं ते दार बदलल्यावर.

माउली हा लेख वाचून म्हणाला, “समदं बरोबर हाय, पण देव हाय का न्हाई ते राहिलंच की.” तो वाद अजून चालू आहे. लाइट गेली की रात्री दोनला या, खोलीचं दार उघडं असतं. आता मीही थोडं ऐकायला शिकलोय. मडकं भाजून निघालंय असं म्हणत नाही, पण आव्यात ठेवलंय एवढं नक्की.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी